कोणाले खरी, कोणाले खोटी

शालूबाई बोलायची बंद झाली, तेव्हा सुरुवातीला गावाला बरंच वाटलं.

जानेफळच्या शिवेला लागून असलेलं ते गाव. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. नव्या कायद्याने ग्रामपंचायतीत बायांसाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. बहुतेक गावांत त्या जागांवर एखाद्या पुढाऱ्याची आई नाहीतर भावजय बसायची, म्हणजे बसायचीही नाही. शिपाई घरी येऊन अंगठा घेऊन जायचा. या गावात झुंबरबाईंचा अंगठा असाच घरबसल्या उमटत होता. शालूबाईंचं मात्र तसं झालं नाही. पहिल्याच सभेला त्या डोक्यावर पदर घेऊन चावडीवर गेल्या, सतरंजीच्या कडेला बसल्या, आणि सरपंच उकंडरावांनी पांदणीवर मुरूम टाकल्याचं वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "मुरूम पडला कुठी? मी तं रोज त्याच पांदणीनं वावरात जाते."

त्या दिवसापासून एकही सभा त्यांच्या प्रश्नाशिवाय उठली नाही. लोक त्यांच्या नवऱ्याला, भगवानरावांना, चिडवायचे, "घरची पंचायत कशी चालते बे तुमची?" भगवानराव म्हणायचे, "तिथं मी शिपाई हाय." आणि हसायचे.

मग एका हिवाळ्यात शालूबाईंची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना. भाकर थापायला घेतली की मनगटात कोणी खिळा ठोकतंय असं व्हायचं. पुढे गुडघे धरले, मग खांदे. तेल चोळून झालं, निरगुडीचा शेक झाला, बिब्याचे चटके झाले. वाताचं दुखणं, जरा लवकर आलं एवढंच, असं सगळे म्हणाले.

पण दुखण्याच्या जोडीनं आणखी काहीतरी आलं, आणि त्याला कोणाजवळ नाव नव्हतं. भूक गेली. पोरींची बडबड सोसेना. पहाटे जाग आली की डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि ते कशासाठी वाहतंय हे त्यांनाच कळायचं नाही. म्हैस व्याली, तरी पारडू पाहायला त्या उठल्या नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. कोणी म्हणालं नखरे आहेत, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. दंडाला दोरे बांधून झाले. उकंडरावांनी निरोप पाठवला, सहा महिने सभेला आलं नाही तर जागा जाते, त्यापेक्षा राजीनामा देऊन टाकावा, मानानं होईल. भगवानरावांनी निरोप सांगितला. शालूबाईंनी तो ऐकला की नाही, हेही त्यांना समजलं नाही.

जानेफळच्या बाजारात भगवानरावांच्या कानावर आलं की बाजाराच्या दिवशी तिथल्या दवाखान्यात शहरातल्या मोठ्या कॉलेजातून एक डॉक्टरीणबाई येते आणि फक्त सांधे पाहते. त्यांनी बंडी जुंपली, तीत गादी टाकली आणि बायकोला उचलून बसवलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव अन्नपूर्णा. किडकिडीत अंगाची, चष्मा लावणारी, तिशीच्या आतली बाई. तिनं एकेक सांधा दाबून पाहिला. मग स्टूल जवळ ओढून बसली आणि विचारू लागली. सकाळी उठावंसं वाटतं का? जेवण गोड लागतं का? रडू येतं का? जीव नकोसा होतो का?

शालूबाई म्हणाल्या, "मले हातपाय दुखते. हे काऊन विचारता?"

"दोन्ही एकाच वेळी सुरू झालं का, ते पाहायचंय."

शालूबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. आतापर्यंत सांध्यांबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, रडण्याबद्दल सगळे बोलले होते, पण दोन्ही गोष्टी एका वाक्यात कोणी आणल्या नव्हत्या.

"एकाच वेळी," त्या म्हणाल्या.

अन्नपूर्णानं दंडातून रक्त घेतलं, ते गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळलं आणि एका लांब, बारीक काचेच्या नळीत भरून नळी लाकडी घोडीवर उभी केली. अंगात कुठं सूज धुमसत असली की रक्तातला लाल भाग लवकर खाली बसतो, वर पिवळं पाणी राहतं, असं तिनं सांगितलं. तिचे गुरू, डॉ. नारायणराव, या गोष्टीमागे होते. सांधे सुजणं आणि मन बुडणं ही दोन दुखणी नसून एकाच मुळाचे दोन फाटे असावेत, असं त्यांना वाटत होतं. सूज उतरवली तर मन वर येतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

बाकावर नसीमा बसली होती. शालूबाईंच्याच गावची, जब्बार पिंजाऱ्याची बायको. जब्बार कापूस पिंजायचा आणि नसीमा गाद्या-रजयांना टाके घालायची. तिच्या रजईचा टाका पाहून बाया माहेरून कापड आणायच्या. आता तिच्या बोटांत सुई धरवत नव्हती, आणि तीही घरात कोणाशी बोलत नव्हती. दोघी एकमेकींना तोंडओळखीनं ओळखत होत्या. त्या दिवशी दोघींच्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि दोन्हींतलं लाल भराभर खाली गेलं.

दोघींना पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. "नवं औषध आहे," अन्नपूर्णा म्हणाली. "गुण येईल, कदाचित येणारही नाही. सहा महिने घ्यायचं."

शालूबाईंना गुण आला. पहिल्यांदा भूक आली. एका सकाळी त्यांनी स्वतःच भाकर मागून घेतली, तीवर तेल-तिखट घेतलं आणि आणखी एक मागितली. मग मूठ वळली. मग एक दिवस भगवानराव वावरातून आले तर ओसरीवरून बायकोचा आवाज येत होता. ती शेजारणीची नक्कल करत होती आणि दोन्ही पोरी पोट धरून हसत होत्या. भगवानराव गोठ्यात गेले आणि उगीचच बैलाची पाठ खाजवत उभे राहिले. घरात जायला त्यांना जरा वेळ लागला.

कधीकधी ते जरा जास्तच व्हायचं. कोंबडं आरवायच्या आधी शालूबाई उठून सगळं घर सारवून काढायच्या आणि बोलतच राहायच्या. पण तक्रार करायला कोणाचं मन धजलं नाही. त्या सभेला गेल्या. उकंडराव म्हणाले, "आम्हाले वाटलं तुमी आता आराम करान." शालूबाई म्हणाल्या, "आराम लय झाला. पिंजाऱ्याच्या गल्लीतल्या विहिरीचा कठडा काऊन बांधला नाही, ते सांगा."

नसीमाला मात्र गुण आला नाही. गोळ्या त्याच, पुडी तशीच, दवाखाना तोच. तिची बोटं तशीच फुगलेली आणि डोळे तसेच विझलेले. त्यातून शालूबाई साऱ्या गावाला दिसत होत्या, हसताना, भांडताना. जब्बारची आई म्हणायची, "ती बाई उठली ना? मंग तू काऊन नाही उठत? तिचं मन साफ होतं, म्हून औषध लागलं." जब्बार वाईट माणूस नव्हता. तो आईला गप्प करत नव्हता, एवढंच. हळूहळू नसीमालाही वाटू लागलं की आपल्या मनातच काही खोट असेल. ती नमाजाला बसायची आणि ती खोट कुठं आहे ते शोधायची.

सहा महिने झाले. अन्नपूर्णानं शेवटचं रक्त घेतलं, शेवटचे प्रश्न विचारले आणि सांगितलं की अभ्यास पूर्ण झाला, आता गोळ्या बंद. शालूबाईंनी तिला कैऱ्या बांधून दिल्या.

आठवडाही गेला नाही, तोच शालूबाई पडल्या. उलट्या, पायांत गोळे, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी. सांधे पुन्हा पेटले. आणि ते दुसरं, बिनानावाचं, पहिल्यापेक्षा कितीतरी काळं होऊन परत आलं. विहिरीकडे त्यांनी बघणंसुद्धा सोडलं. बघायची भीती वाटायची. भगवानरावांनी पोरींना हळूच सांगितलं, आईला एकटं सोडू नका. जानेफळच्या दवाखान्यात ते जाऊन आले. त्या डॉक्टरीणबाई आता येत नाहीत, असं तिथल्या कंपाउंडरनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात मात्र बुलढाण्याला डॉक्टर लोकांची मोठी बैठक आहे, त्यासाठी त्या बाई आणि त्यांचे मोठे साहेब येणार आहेत, हेही त्याच्या बोलण्यात आलं.

त्या संध्याकाळी नसीमा शालूबाईंना पाहायला आली. खाटेजवळ जमिनीवर बसली.

मग नसीमा म्हणाली, "शालूबाई, एक सांगू? तुमी गोळीनं उठल्या. गोळी बंद झाली, तुमी पडल्या. मी उठलीच नाही, तं पडली बी नाही. गोळी बंद झाल्याचं माह्या अंगाले समजलंच नाही."

शालूबाईंनी मान वळवली.

"माह्या गोळीत काय होतं?" नसीमा म्हणाली.

शालूबाईंच्या छातीत काहीतरी हललं. कित्येक दिवसांत आत काही हललं नव्हतं. तो राग होता, आणि राग आहे हे कळल्यावर त्यांना जवळजवळ हायसं वाटलं.

"विचारू," त्या म्हणाल्या. "जाऊन विचारू."

जब्बारनं नको म्हटलं. मोठ्या लोकांच्या दारात जाऊन काय बोलणार तुम्ही, म्हणाला. नसीमानं वाद घातला नाही. सकाळी भगवानरावांची बंडी निघाली, तेव्हा ती बुरखा घालून आली आणि मागच्या बाजूनं चढून बसली.

जानेफळहून एसटी, मेहकरला बदली, पुढे चिखली, मग बुलढाणा. प्रत्येक खड्ड्याला दोघींचे गुडघे बोलत होते. चिखलीच्या स्टँडवर शालूबाईंना उलटी झाली. भगवानरावांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "परत जाऊ का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "माघारी जाऊन तरी पडूनच राहाचं हाय."

डॉ. नारायणराव विश्रामगृहात उतरले होते. ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर चहा घेत होते, समोर अन्नपूर्णा बसली होती. शिपायानं या तिघांना फाटकातच अडवलं, पण अन्नपूर्णानं ओळखलं आणि ती उठून आली.

"सायेबाशी बोलाचं हाय," शालूबाई म्हणाल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. उभं राहवतच नव्हतं. नसीमा शेजारी बसली. भगवानराव लिंबाखाली उभे राहिले.

नारायणराव गोरेपान, पिकल्या केसांचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. "बाई, दवाखान्यात या," ते म्हणाले. "इथं कसं?"

"दवाखान्यात तुमी येत नाही आता, म्हून इथं आलो. आमाले दोघींले सारख्याच गोळ्या देल्या का?"

नारायणरावांनी कप खाली ठेवला. "हे सांगायची पद्धत नसते. रोग्याला कळलं की तो आशेनंच बरा होतो, नाहीतर निराशेनं खचतो. मग औषधाचा गुण कुठला आणि मनाचा कुठला, ते निवडता येत नाही. या डॉक्टरबाईंनाही मी सांगितलेलं नव्हतं."

"बरं. पण तुमचा अभ्यास सरला ना?"

"सरला."

"मंग आता बिघडाचं काय राह्यलं?"

ते किंचित हसले. "बाई, ते तुम्हाला समजणार नाही."

"नाही समजलं तं पुन्हा विचारीन. मी पंचायतीत बसते, सायेब. पह्यल्या खेपेले तिथलंही मले समजत नोतं."

"माझी बैठक आहे," म्हणून नारायणराव उठले आणि आत गेले.

"जा," शालूबाई म्हणाल्या. "आमी बसून हावो."

त्या बसून राहिल्या. ऊन पायरीवर आलं, पायरीवरून भिंतीवर गेलं. बैठकीला आलेले डॉक्टर येता-जाता थांबून विचारायचे, कोण आहात, काय होतंय. शालूबाई प्रत्येकाला तेच सांगायच्या. "सायेबानं आमच्या अंगात काय घातलं, ते विचाराले आलो." दोनचार जणांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन नारायणरावांना विचारलंही असावं, कारण दुपारी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज मृदू नव्हता.

"हा काय तमाशा आहे?"

अन्नपूर्णा मध्ये आली. "सर, यांना सांगायला हवं. मला ठाऊक असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या दोघींकडे. शेवटी खुर्ची ओढून ते बसले.

"यांना औषध होतं," शालूबाईंकडे हात करून ते म्हणाले. "आणि यांना दुधाच्या साखरेच्या गोळ्या. दिसायला सारख्या. त्यात गुण काहीच नसतो."

नसीमानं ते आधी नीट ऐकलंच नाही. "साखर?"

"हो."

"सहा महिने मी साखर खाल्ली." ती हळू बोलत होती. "आन् घरात मले म्हणत होते, तुह्यं मन खोटं हाय म्हून तुले औषध लागत नाही. मी बी तेच म्हणत होती. रोज म्हणत होती." तिनं सुजलेले हात मांडीवर उलटे ठेवले. "माह्यं मन खोटं नोतं. तुमची गोळी खोटी होती."

नारायणराव म्हणाले, "घरी असं काही होईल, हे आमच्या प्रश्नांत नव्हतं."

"आन् मी काऊन पडली?" शालूबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. या औषधासारखं द्रव्य शरीर स्वतःच बनवत असतं. बाहेरून मिळू लागलं की शरीर ते बनवायचं थांबवतं. गोळी एकदम बंद केली की काही काळ दोन्हीकडून काहीच मिळत नाही. हळूहळू कमी करायला हवी होती.

"हे तुमाले आधी मालूम होतं?"

"होतं. मात्रा कमी होती. वाटलं, निभेल."

"तुमाले वाटलं," शालूबाई म्हणाल्या. लिंबाखालून भगवानराव दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

मग शालूबाईंनी विचारलं, "माह्यं मन वर आलं होतं. ते सूज उतरली म्हून आलं का, का गोळीनंच मन उचललं?"

"हेच मला शोधायचं होतं," नारायणराव म्हणाले. "आणि ते मला अजून कळलेलं नाही. हे औषध सूज उतरवतं, पण थेट मेंदूपर्यंतही पोचतं. दोन्ही शक्य आहे."

"म्हंजे माह्या जिवावर बेतूनही समजलं नाही."

"नाही."

"मंग पुढं शोधा. पण सांगून शोधा."

नसीमा उठली. भिंतीला धरून उभी राहिली. "तुमी आमच्या गावात या," ती म्हणाली. "माह्या सासूले सांगा, घरवाल्याले सांगा. जे इथं बोलले ते तिथं बोला."

"सिद्ध न झालेली गोष्ट मी चावडीवर जाऊन कशी सांगू?"

"साखर देल्ली, हे तं सिद्ध हाय?"

त्यांनी मान डोलावली, पण येतो म्हणाले नाहीत. अन्नपूर्णा म्हणाली, "मी येते. रविवारी."

"तू माझ्या हाताखाली काम करतेस," नारायणराव म्हणाले.

"हो सर. रविवारी नाही."

तिनं तिथंच शालूबाईंना त्याच खऱ्या गोळ्या दिल्या, या वेळी कशा आणि किती कमी करत न्यायच्या ते भगवानरावांकडून दोनदा वदवून घेतलं, आणि एसटीत बसवून दिलं.

रविवारी ती खरंच आली. हातात लाकडी घोडी, पिशवीत नळ्या. उकंडराव म्हणाले, चावडी पंचायतीच्या कामासाठी आहे. शालूबाई भगवानरावांच्या खांद्यावर हात ठेवून आल्या होत्या. "मी सदस्य हाय," त्या म्हणाल्या. "चावडी मी मांगते. पाहिजे तं मले बाहेर काढा, सगळे पाहून राह्यले." उकंडरावांनी भोवती पाहिलं. पिंजाऱ्यांची गल्ली सगळी आली होती, बाया भिंतीपाशी दाटून बसल्या होत्या. ते खाली बसले.

अन्नपूर्णानं आधी साखरेच्या गोळ्यांचं सांगितलं, काही न लपवता. जब्बारची आई म्हणाली, "गोळीचं जाऊ द्या. हिच्या अंगात काही हाय, हे तुमी कशावरून म्हणता? दिवसभर पडून राहते, बस."

"एक धडधाकट माणूस पाहिजे," अन्नपूर्णा म्हणाली. "रक्त द्यायला."

कोणी पुढे येईना. मग जब्बार उठला. कापूस पिंजून त्याचे दंड दोरखंडासारखे झाले होते. त्यानं बाही सारली आणि सुई टोचताना तोंड फिरवलं. नंतर नसीमाचं रक्त घेतलं. नवरा-बायकोच्या दोन नळ्या घोडीवर शेजारी उभ्या राहिल्या. वेळ लागेल, असं अन्नपूर्णानं सांगितलं. कोणीतरी चहा करून आणला. पोरं पुढे सरकत होती, त्यांना मागे ओढलं जात होतं.

जब्बारच्या नळीत वर जेमतेम बोटाच्या नखाएवढं पाणी सुटलं. नसीमाच्या नळीत मात्र लाल खाली खालीच जात राहिलं, आणि वर पिवळ्या पाण्याची लांब काडी उभी राहिली. ते पाहायला कोणाला शिकायची गरज नव्हती. जब्बारची आई नळीजवळ गेली, डोळे बारीक करून तिनं पाहिलं आणि परत जाऊन बसली.

"ही नळी मन मोजत नाही," अन्नपूर्णा म्हणाली. "शरीरातली आग मोजते. एवढी आग घेऊन जगताना माणूस हसत-खेळत का राहू शकत नाही, त्याचं उत्तर आम्ही शोधतोय. पूर्ण सापडलेलं नाही. पण ही बाई खोटं पडून राहत नाही, एवढं मी आज सांगू शकते."

जब्बार नळ्यांकडे पाहत राहिला होता. "मले वाटत होतं..." तो नसीमाकडे वळून म्हणाला, आणि तिथंच थांबला.

"काय वाटत होतं ते मालूम हाय मले," नसीमा म्हणाली. "घरी चाल."

सगळ्यांना पटलं असं नाही. जब्बारची आई पुढेही दोरे आणत राहिली, फक्त मन साफ नसल्याचं तिनं पुन्हा काढलं नाही. नसीमाला अन्नपूर्णानं खऱ्या औषधाबद्दल सगळं सांगितलं, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, सोडताना जपावं लागतं. नसीमानं आठवडाभर विचार केला आणि थोड्या मात्रेत घेतलं. तिला सुई धरता येऊ लागली, पूर्वीसारखी नव्हे. मनावरचं ओझं कधी उतरायचं, कधी नाही. शालूबाईंचंही तसंच. ते पहिले सहा महिने पुन्हा कधीच आले नाहीत. नारायणरावांचा निबंध छापून आला, त्यात अन्नपूर्णाचं नाव नव्हतं. तिनं स्वतःचं काम सुरू केलं. बाजाराच्या दिवशी ती जानेफळला पुन्हा येऊ लागली, आणि प्रत्येक बाईला आधी बसवून सांगू लागली की काय देणार आणि काय माहीत नाही.

दोन वर्षांनी आणखी एक पथक कुठल्याशा गोळ्या घेऊन तालुक्यात फिरू लागलं. शालूबाईंनी पंचायतीत ठराव मांडला. गावात कोणी औषध पारखायला येणार असेल तर त्यानं तसं आधी सांगावं, आणि कोणाले खरी गोळी देल्ली, कोणाले खोटी, ते अभ्यास सरल्यावर गावाला येऊन सांगावं.

मतदानाचा दिवस आला आणि नेमके त्याच दिवशी शालूबाईंचे दोन्ही खांदे धरले. आतून ते काळंही आलं होतं. चावडीवर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि आधीच्या चर्चेत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

उकंडराव म्हणाले, "असा काई कायदा नाही. उगीच सरकारी माणसाशी वैर." मग म्हणाले, "ज्याले ठराव पाहिजे त्यानं हात वर करा." काही हात वर झाले. उकंडरावांनी शालूबाईंकडे पाहिलं. "शालूबाई, तुमचाच ठराव, आन् तुमचाच हात खाली?"

"आज वर होत नाही," शालूबाई म्हणाल्या. "वरच हाय असं लिहा."

"नियमानं हात..."

"नियमात सुजलेल्या खांद्याचं काय लिहेल हाय, ते वाचून दाखवा. नाहीतं लिहा."

ग्रामसेवकानं लिहिलं. ठराव मंजूर झाला. शालूबाई घरी आल्या आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या. भगवानरावांनी चूल पेटवली, पीठ मळलं. त्यांच्या भाकरी वेड्यावाकड्या व्हायच्या. त्यांनी एक तिच्या उशाशी आणून ठेवली.

"नोको," ती म्हणाली.

"राहू दे तिथं."

मग ती भिंतीकडेच पाहत म्हणाली, "हे जाईल. नाही गेलं, तरी पुढच्या सभेले मी हाय. उकंडरावले सांगून ठेवा."

"तूच सांगजो," भगवानराव म्हणाले आणि दुसरी भाकर थापायला गेले.